कात्री न लावता सोडवलेली जट

आई, गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी एका बाईची जट सोडवली. कात्री लावली नाही, वस्तरा लावला नाही. बोटांनी आणि कंडिशनरने सोडवली. कंडिशनर म्हणजे काय ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू होतीस तेव्हा आपल्या गावात शाम्पूची पुडीसुद्धा लग्नघरातच फुटायची, तीसुद्धा नवरीपुरती. तेव्हा आधी ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुला देवीचा चमत्कार वाटेल, आणि चमत्कारांनी आपल्या घराचं काय केलं ते तुला मी सांगायला नको.

मी आता अजमानला असते. तुझा जावई रास अल खैमाहून सिमेंटचा ट्रक आणतो, आणि मी बाजारामागच्या गल्लीत एका लेडीज सलूनमध्ये काम करते. दाराला काळी काच, पुरुषांना आत यायला बंदी, आतमध्ये एसीचा गारवा आणि केसांच्या रंगाचा उग्र वास. मालकीण केरळची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर फिलिपिन्सची एक मुलगी असते, ती मला सिस म्हणते. दिवसभर आम्ही दोघी बायकांची डोकी धुतो. तुला हे कळलं असतं तर तू कपाळावर हात मारून घेतला असतास. लोकांची डोकी धुवायला पोरगी समुद्र ओलांडून गेली, असं साऱ्या गल्लीला सांगत सुटली असतीस. आणि मग मला एकटीला गाठून विचारलं असतंस, पैसं बरं देत्यात का?

मी शारजाला कोर्स केला तेव्हा शिकवायला इजिप्तची बाई होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की केस मेलेला असतो. जीव असतो तो मुळाशी, कातड्याच्या आत. बाहेर दिसतो तो केस मेलेला, त्याला बरं करता येत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. मग तिने फळ्यावर एक जाड केस काढला आणि त्याच्यावर माशासारखे खवले काढले. साबण मळ नेतो तसं केसाचं तेलही नेतो, मग हे खवले उभे राहतात, एका केसाचे दुसऱ्यात अडकतात, आणि गुंता होतो. भिजलेल्या केसावर बारीकसा विजेचा भार असतो, आणि जिथे केस जास्त दुखावलेला तिथे तो जास्त. कंडिशनरमध्ये त्याच्या उलटा भार असतो. म्हणून ते केसाला धरतं, जिथे जास्त झीज झालीय तिथे जास्त धरतं, आणि बाकीचं पाण्याबरोबर वाहून जातं. ते थोडं आंबट असतं, त्याने खवले खाली बसतात, वर तुपाचा हात फिरवल्यासारखा थर येतो, आणि केस केसावरून सरकायला लागतो. एवढंच त्याचं काम. मी ते वहीत न लिहिताच पाठ केलं, कारण ती बोलत होती तेव्हा माझ्या डोळ्यापुढे तुझी मान होती.

प्रत्येक डोक्याला ते वेगळं लागतं, हे मात्र हात लावून लावून कळलं. माझ्या सलूनमधल्या शेजारणीचे केस सरळ, रेशमासारखे बारीक. तिला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, तेही फक्त शेवटाला. मुळाशी लागलं तर दुपारपर्यंत डोकं तेलकट होऊन चप्प बसतं, आणि ती माझ्यावर चिडते. इथल्या श्रीमंत मॅडम केस सोनेरी करून घेतात. त्या रंगाने केसाचं वरचं तेलाचं अस्तरच निघून जातं, हाताला कडब्यासारखे लागतात, त्यांना ओंजळभर लावून वाफ देत बसावं लागतं. एक सुदानची बाई येते, तिचे केस घट्ट स्प्रिंगसारखे. ते कोरडे विंचरायचेच नाहीत, कंडिशनर भरपूर लावायचं, ओल्यातच मोकळे करायचे आणि थोडं केसातच ठेवायचं, कारण डोक्याचं तेल त्या वळणावळणांतून खाली पोचतच नाही. मी पहिल्यांदा तिचं डोकं हातात घेतलं आणि माझे हात थांबले. ती म्हणाली, एनी प्रॉब्लेम? मी म्हटलं, नो मॅडम. तुझ्या केसांचा स्पर्श होता तो, आई. तुझे एवढे घट्ट नव्हते, पण त्याच घराण्यातले.

तुझे केस मी लहानपणी मोकळे पाहिले आहेत. मागच्या दारी दगडावर बसून तू डोकं धुतेस, कपड्याच्या निळ्या साबणाने, कारण तोच घरात असतो. धुतलेले केस कंबरेशी फुगून उभे राहतात आणि तू लाकडी फणीने त्यांच्याशी भांडत बसतेस. तेलाची बाटली दिवाळीला येते आणि संक्रांतीच्या आधी संपते. बांधावर जास्वंद होती आपली, आठवते? तिची फुलं देवीला आणि पानं शेळीला. त्या पानांचा बुळबुळीत रस केसाला लावला असता तर हेच काम झालं असतं, गुंता हातासरशी सुटला असता. गावात चार बायका लावतही असतील, आपल्याकडे कुणी सांगितलं नाही. शेळीचे केस मात्र चांगले तुकतुकीत होते.

मग तुला तो ताप आला. पोटातलं बाळ गेलं आणि त्यामागून ताप, आणि तू किती दिवस अंथरुणावर होतीस ते मला आठवत नाही, ऊस तुटून गेला होता एवढं आठवतं. उठलीस तेव्हा मानेवर लिंबाएवढा गोळा होता. शेजारच्या म्हातारीने तो बघितला, बोटं मागे घेतली आणि हात जोडले. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं की हिच्या केसात देवी आली. हळदीकुंकू लागलं, लिंबू उतरून झालं, आणि फणी आढ्याला खोचली गेली ती कायमची. रोज माणसाचे थोडे केस गळतात. तुझे खाली पडेनात, आतच अडकायचे, म्हणून जट वाढायची, आणि लोक म्हणायचे देवी वाढती. ती पुढे मनगटाएवढी जाड झाली आणि कंबरेखाली गेली. पावसाळ्यात भिजली की वाळायची नाही. तिला वास यायचा. तू एका कुशीवर झोपायला लागलीस आणि तुझी मान डावीकडे वाकली ती वाकलीच. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायला जायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून मागे. बायका तुझ्या पायावर डोकं ठेवायच्या. त्याच बायका शनिवारी शाळेत आपल्या पोरींना माझ्याशेजारी बसू द्यायच्या नाहीत.

एक गोष्ट आपण दोघी कधी बोललो नाही, ती आज लिहिते. जट आली आणि बाबांचा हात थांबला. त्याआधी ते पिऊन आले की मी भांड्यांच्या फडताळाखाली जाऊन बसायची, आणि तू तोंडात पदर धरायचीस, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. जट आल्यावर ते तसेच पिऊन आले, हात उचलला, आणि तू नुसती मान फिरवून पाठ दिलीस. हळद माखलेला तो गोळा त्यांच्या डोळ्यापुढे आला आणि हात खाली आला. पुन्हा त्यांनी तुला कधी हात लावला नाही, मारायलाही नाही आणि मायेनेही नाही.

हे मला तेव्हा कळत होतं का? दिसत होतं, कळत नव्हतं. म्हणून तर मी ते केलं. तू दुपारची भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस, आणि मी दिव्यातलं तेल बोटावर घेऊन, गोणी शिवायच्या दाभणाने जटेचं टोक उसवत बसले. मला वाटत होतं हळूहळू सगळी सोडवीन आणि तू उठशील तेव्हा तुझी मान हलकी झालेली असेल. बोटभर सुटली, आई. आतून नुसते केस निघाले, कुरळे, माझ्यासारखेच. तेवढ्यात तू जागी झालीस आणि माझ्या कानाखाली अशी दिलीस की दाभण चुलीपाशी जाऊन पडलं. मग तूच मला जवळ ओढलंस, माझं तेलकट बोट पदराने पुसलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "सुटली तर मग मी काय करू गं?" मला वाटलं तू देवीला भितेस. दुसऱ्या दिवशी ते उसवलेलं टोक तू स्वतःच हळद आणि वडाचा चीक लावून पुन्हा चिकटवून टाकलंस. पुढे तालुक्याहून जटा काढणाऱ्या बायका आल्या, गोड बोलल्या, तुझ्या मानेचा फोटो काढायला डॉक्टरकडे नेतो म्हणाल्या. तू त्यांना चहा पाजलास आणि सांगितलंस, मी मेल्यावर काय करायचं ते करा. मेल्यावरही कुणी काही केलं नाही. तुझ्या शेवटच्या अंघोळीला मी पाणी घालत होते. जटेने तांब्यावर तांब्या पाणी पिऊन घेतलं, आणि तुला उचलून बाहेर नेलं तेव्हा दारापर्यंत पाण्याची धार पडत गेली.

ही जी बाई सलूनमध्ये आली, ती आपल्याच बाजूची निघाली. डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, मालकिणीला ती मुसलमान वाटली. माझ्याशी हिंदीत बोलली, "नीचे का थोडा काटना है, पीछे हाथ नहीं लगाना." मी स्कार्फ सैल केला आणि मानेवर हळद दिसली. इतक्या वर्षांत मला इथे कुणाच्या मानेवर हळद दिसली नव्हती. मी मराठीत विचारलं, हळद कुणी लावायला सांगितली? ती खुर्चीतल्या खुर्चीत दचकली. सांगोल्याकडची. एका मराठी कुटुंबाचा डब्यांचा धंदा आहे, त्यांच्याकडे पोळ्या लाटते. टायफॉईड होऊन दवाखान्यात पडून होती, उठली तेव्हा गोळा झालेला. सासूला व्हिडिओ कॉलवर दाखवला. सासूने फोनलाच नमस्कार केला आणि सांगितलं, हात लावू नकोस, सुट्टीला ये, देवीच्या डोंगरावर जाऊन परडी घेऊ, देवीची बाई पुन्हा परमुलखात जात नसते. नवरा नाही तिला. मुलगी आहे, पाचवीत, सासूपाशी. सासूने हेही म्हटलं होतं की तुझ्यामागे परडी कुणीतरी चालवायला पाहिजे, पोरीचंही बघावं लागेल. तिकीट काढलेलं होतं. हे सगळं तिने आरशात माझ्याकडे न बघता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पोरगी हुशार हाय ओ ताई."

मला काय काय बोलावंसं वाटलं, ते लिहीत नाही. देवी नाही म्हणून सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, तुझ्या चहाचे कप मी विसळले आहेत, मला ठाऊक आहे. ती घाबरत होती ते कापण्याला. कापली की रक्त येतं, घरातलं माणूस जातं, आणि तिच्या घरात माणूस म्हणजे ती एक मुलगीच. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी जटेला कात्री लावत नाही. मी नुसती वाट मोकळी करते. देवीला राहायचं असेल तर ती राहील, कंडिशनरला काय भिणार आहे ती?" ती हसली नाही. खालचे केस कापून घेतले, पैसे दिले आणि गेली. मला वाटलं, गेली ती गेली.

चारदोन दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या मालकिणीने दुपारची सुट्टी दिली होती, पण शुक्रवारचीच. आमच्याकडेही शुक्रवारी नमाजाच्या वेळेलाच सलून रिकामं असतं. ती म्हणाली, शुक्रवार म्हंजी देवीचाच वार की. मग तीच म्हणाली, बरंच हाय, तिच्या म्होरंच होऊ दे, चोरून नगं.

असं मग आम्ही बसलो. भरपूर पाणी, मग मुठीने कंडिशनर, जाड, रोजच्या धुण्याला वापरतो ते पातळ नाही, कुरळ्या केसांचं. ते आतपर्यंत मुरू द्यायचं. मग खालच्या टोकाकडून सुरू करायचं, मुळाकडून कधीच नाही. बोटांनी चिमूटभर वेगळं करायचं, फणीच्या दांडीने वाट काढायची, सुटलं की बाजूला घ्यायचं, पुन्हा कंडिशनर. माझ्या शेजारणीने न विचारताच दुसरी बाजू घेतली. बाईचे ओठ सारखे हलत होते, तर तिने मला विचारलं, सिस, व्हाय शी इज प्रेइंग? मी म्हटलं, शी इज स्केअर्ड. तिने मान डोलवली आणि स्वतःही गळ्यातला क्रॉस एकदा ओठाला लावला. मालकीण आत डोकावली, "पूरा डब्बा खलास करेगी क्या?" म्हणून ओरडली, मग बाईचा चेहरा बघितला आणि स्वतःच कपाटातून दुसरा डबा काढून माझ्यापुढे ठेवून गेली. बेसिनमध्ये गळालेले केस पडायला लागले तेव्हा बाई ओरडणार होती. मी तिला सांगितलं, हे आजचे नाहीत, हे रोज गळायचे ते आत अडकून राहिले होते. एक पुंजका तिच्या हातात दिला. तिने रक्त शोधल्यासारखा तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला.

शेवटी अगदी मधोमध, मानेला चिकटून, एक घट्ट गाठ राहिली. तिथे दोघींची बोटं लागली. ती सुटली आणि आतून उशीचा कापूस निघाला, आणि दवाखान्यात हाताला सुई लावताना चिकटवतात त्या पांढऱ्या पट्टीचा एक मळका तुकडा. तो मी तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाने सरळ केला. मग आरशात माझ्याकडे बघून तिने विचारलं, "एवढंच व्हतं व्हय?"

मी म्हटलं, "एवढंच."

ती रडायला लागली, आणि मी तिचे केस धुवत राहिले, कारण रडणाऱ्या बाईचं डोकं धुवत राहणं हे मला येतं. नंतर तिने वेणी घालून मागितली. ती सुट्टीला जाऊन पोचली. सासूने म्हणे बोटं घालून सगळी मान चाचपली, मग नारळ फोडला आणि म्हणाली, आपणहून गेली म्हणायची. पोरीच्या परडीची गोष्ट निघाली नाही. ही पुढच्या महिन्यात परत येते, येताना माझ्यासाठी शेंगाचटणी आणते म्हणाली.

जट सोडवली त्या दिवशी घरी येऊन मी हे तुझ्या नातीला सांगितलं, आणि पहिल्यांदाच तुझंही सांगितलं. ती आठवीत आहे, मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. तुझे केस तिने जसेच्या तसे घेतलेत. ती म्हणाली, "आजी हॅड ड्रेडलॉक्स? दॅट्स सो कूल." मला राग आला आणि हसूही आलं. तिला कोण सांगणार की मानेला किती कळ लागायची. मग तिने विचारलं, बट मम्मी, व्हाय डिडंट शी जस्ट ओपन इट? मी स्वयंपाकघरात निघून गेले. नळाचं पाणी उन्हाने कढत झालेलं होतं, त्याखाली हात धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, सुटली असती तर तिने काय केलं असतं गं बाळा.

हे मी फोनमध्ये लिहिते आहे आणि कुठे पाठवायचं नाही. तुला तसंही वाचता येत नव्हतं. मी आनंदात असायला पाहिजे, एक पोरगी शाळेत राहिली, आणि मी आनंदात आहेही. फक्त एवढं आहे की त्या बाईला मी एका शब्दात सांगून मोकळी झाले, आणि तुझ्या बाबतीत तोच शब्द तोंडातून निघत नाही. इतका कोर्स केला, इतकी डोकी धुतली, केसावरचे खवले, त्यातला भार, सगळं मला पाठ आहे. तरीही तुझ्या जटेत नुसते केसच होते असं मला अजून म्हणवत नाही, आई.